अलंकारार्थे अक्षतान्

आपल्या लोकांची धर्मशास्त्रावर जी काही श्रद्धा अद्याप शिल्लक आहे, ती त्यातील कडक विधिनिषेधांमुळे टिकलेली नसून, त्या विधिनिषेधांतून अब्रूनिशी बाहेर पडण्यासाठी शास्त्रकारांनी स्वहस्ते ठेवून दिलेल्या दिंडीदरवाजांमुळे टिकली आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आणि या मताला पुष्टी देणारे लग्नमंडपासारखे दुसरे ठिकाण मला आढळलेले नाही. पूजा चालू असते. देवाला वस्त्र वाहण्याची वेळ येते आणि वस्त्र घरी खुंटीवर राहिलेले असते. अलंकार वाहण्याची वेळ येते आणि अलंकारांच्या डब्याची किल्ली केशभूषेसाठी गेलेल्या कन्येच्या पर्समधून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असते. यजमान कावराबावरा होतो, यजमानीण 'मी सकाळीच म्हणाले होते' अशा अर्थाचा एक कटाक्ष त्याच्याकडे टाकते. परंतु गुरुजी तिळमात्र विचलित होत नाहीत. 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' असे म्हणून ते चार तांदूळ देवाच्या अंगावर टाकतात आणि धूपदीपाकडे वळतात. या व्यवहारासंबंधाने देवाकडून आजतागायत एकही तक्रार दाखल झालेली नाही.

या तोडग्याला मी माझ्यापुरते 'अक्षतान्याय' असे नाव देऊन ठेवले आहे. त्याची कलमे दोनच. जे नाही त्याच्या जागी जे हाताशी आहे ते ठेवावे, हे पहिले. आणि ठेवताना आवाजाची पट्टी बदलू नये, हे दुसरे. वस्तुतः दुसरे कलमच महत्त्वाचे आहे, कारण चार तांदळांत विशेष सामर्थ्य नसते. सामर्थ्य असते ते गुरुजींच्या त्या निर्विकार स्वरात. ज्या वधूपित्याचा आवाज कापतो त्याच्या घरच्या कार्यात काय काय चुकले याची कैफियत दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात वाचली जाते, आणि ज्याचा आवाज कापत नाही त्याच्या कार्यात त्याहून दुप्पट गोंधळ झालेला असूनही 'कार्य कसे देखणे झाले' असाच लौकिक होतो.

विघ्नांच्या मालिकेत पहिला मान अर्थातच मुहूर्ताचा. पूर्वी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात, बुडाशी सूक्ष्म छिद्र पाडलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची आणि ती भरून बुडाली म्हणजे एक घटिका, म्हणजे आजच्या हिशेबाने २४ मिनिटे, लोटली असे समजायचे. हे यंत्र किती बेभरवशाचे होते याची साक्ष प्रत्यक्ष भास्कराचार्यांच्या घरची आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्यात ती आख्यायिका येते: कन्येच्या विवाहाला एकच क्षण शुभ होता, तो साधावा म्हणून आचार्यांनी घटिकापात्र मांडले, कुतूहलाने वाकून पाहणाऱ्या लीलावतीच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडून छिद्रात अडकला, वाटी बुडेना, आणि ती बुडत नाही हे ध्यानात येईपर्यंत क्षण निघून गेला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आचार्यांच्या मुलाचे आणि नातवाचे नाव आहे. मोत्याची हकीकत मात्र फैजीच्या पदरची. परंतु आख्यायिका म्हणूनही ती मोठी बोधप्रद आहे, कारण त्यात पुढे आचार्यांनी रडारड न करता मुलीच्या नावाने गणिताचा ग्रंथ रचला. विवाहार्थे ग्रंथं समर्पयामि. भुंग्यांची आणि मोर-सापांची ती गणिते सोडवताना पुढील कित्येक शतके ज्या विद्यार्थ्यांनी डोके धरले, त्यांना आपण एका बिघडलेल्या लग्नाचा आहेर फेडीत आहोत याची कल्पनाही नसेल.

आता घटिकापात्र गेले आणि त्याच्या जागी प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र घड्याळ आले. त्यामुळे एकाच मंडपात एकच मुहूर्त अनेक वेळा गाठला आणि तितक्याच वेळा चुकवला जातो. पत्रिकेवर 'दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे' असे छापलेले असते. १२ वाजून ३६ नव्हेत की ३८ नव्हेत. हा क्षण काढताना ज्योतिषीबुवांनी चंद्राची, गुरूची आणि शुक्राची गती बारकाईने पाहिलेली असते; कात्रजच्या बोगद्यातील वाहनांची गती पाहिलेली नसते. सवाबारा वाजता वराकडची बस बोगद्यात, वधू आरशासमोर आणि वधूचा मामा, ज्याने तिला मंडपात आणायचे तो, नव्या धोतराच्या निऱ्यांशी झटापट करीत बंद दाराआड, अशी त्रिस्थळी परिस्थिती असताना मंडपात अक्षता वाटून झालेल्या असतात आणि मुलांनी त्या एकमेकांवर उधळून संपवलेल्याही असतात. दूरध्वनीवर बसमधले काका 'आलोच, पोहोचलोच' एवढेच सांगत राहतात. कोठे आहात या प्रश्नाला वऱ्हाडी मंडळींनी भौगोलिक उत्तर दिल्याचे निदान मी तरी ऐकलेले नाही.

अशा वेळी मंगलाष्टकांचे खरे स्थितिस्थापकत्व प्रत्ययास येते. वेळ काढायची असेल तर माईक वधूच्या आत्याबाईंच्या हाती दिला जातो. आत्याबाईंनी अष्टके स्वतः रचलेली असतात. शार्दूलविक्रीडित वृत्तात एका चरणात एकोणीसच अक्षरांची सोय असते. परंतु आत्याबाई त्यात आजोळचे चार मामा, दोन मावश्या, कुलदैवत आणि जावईबापूंची अभियांत्रिकीची पदवी एवढा परिवार बसवतात, एस.टी.च्या कंडक्टरने लग्नसराईत 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत माणसे बसवावी तसा. वृत्त कण्हते, परंतु गाडी सुटते. उलट मुहूर्त टळून गेला असेल तर दोनच अष्टकांत काम उरकून गुरुजी थेट त्या अखेरच्या श्लोकावर येतात, जो 'तदेव लग्नम्' या नावाने सर्वांना ठाऊक आहे आणि ज्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. अर्थ असा की, लक्ष्मीपतीच्या चरणांचे स्मरण झाले तोच शुभ क्षण, तोच सुदिन, आणि ताऱ्यांचे व चंद्राचे बळही त्यातच. म्हणजे पंचांग उघडून, दक्षिणा मोजून, साऱ्या गोतावळ्याला वेठीस धरून जो मुहूर्त काढला, त्याची आवश्यकताच नव्हती असा स्पष्ट निर्वाळा त्याच मुहूर्तावर, सर्वांच्या समक्ष, ध्वनिक्षेपकावरून दिला जातो आणि लोक टाळ्या वाजवतात. ज्या कोणी हा श्लोक शेवटी ठेवला त्याने आयुष्यात पुष्कळ वऱ्हाडांची वाट पाहिलेली असली पाहिजे.

वर मंडपात असून निघून गेल्याचा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात गाजलेला आहे तो एकच. जांबचा नारायण सूर्याजीपंत ठोसर वयाच्या बाराव्या वर्षी 'सावधान' या शब्दाचा वाच्यार्थ घेऊन बोहल्यावरून पळाला आणि नाशिकजवळ टाकळीस जाऊन तपाला बसला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. राष्ट्राच्या दृष्टीने जे झाले ते उत्तमच झाले. परंतु त्या दिवशी शिजलेल्या अन्नाचे काय झाले, आणि 'मुलगा कोठे गेला' या प्रश्नाला वराकडच्या वडीलधाऱ्यांनी पहिल्या तासाभरात काय उत्तर दिले, हा तपशील कोणत्याही चरित्रात माझ्या वाचनात आलेला नाही. माझा तर्क असा आहे की 'लघुशंकेस गेला आहे, येतोच' असे उत्तर दिले गेले असावे.

तथापि वर नसणे ही शास्त्राच्या दृष्टीने फारशी मोठी अडचण नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तिसरा विवाह अशुभ मानला जाई, म्हणून तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावून देत. त्याला अर्कविवाह म्हणतात. त्यामुळे प्रत्यक्षातली तिसरी पत्नी हिशेबात चौथी ठरे आणि अशुभ काय असेल ते रुईच्या माथी जाई. मुलीच्या पत्रिकेत दोष निघाला तर तिचे लग्न प्रथम कुंभाशी. सरदार-संस्थानिकांत वराला फुरसत नसली तर त्याच्या ऐवजी खांडा रवाना होई आणि त्याच्याशी लग्न लागे. पत्नी हयात नसलेल्या गृहस्थाला धर्मकृत्य करायचे असेल तर कमरेला सुपारी लावली की काम भागते, आणि गणपती म्हणून पूजेला बसते तीही सुपारीच. ज्या समाजाने सुपारी, रुई, घागर आणि तलवार यांना माणसाच्या जागी बसवून कार्ये निर्वेध पार पाडली, त्याने बँडवाले आले नाहीत म्हणून हातपाय गाळावे हे त्याला शोभत नाही.

पावसाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे अक्षतांनी भागत नाही; गुन्हेगार लागतो. वैशाखात मुहूर्त दाट असतात आणि वळीवही वैशाखातच येतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध शाळकरी मुलालाही कळावा. परंतु मांडवाचे कापड पाण्याने फुगून मधोमध खाली येऊ लागते, विजेचे दिवे जातात, रुखवतावरचा साखरेचा बंगला विरघळून त्याचा पहिला मजला तळमजल्यात मिळतो, तेव्हा आभाळातल्या ढगांना जबाबदार धरणारा एकही मनुष्य त्या मांडवात नसतो. 'लहानपणी कढईतली खरवड खाल्ली असणार' असा निकाल कोणीतरी म्हातारी देते आणि सर्वांच्या नजरा नवरीकडे वळतात. आरोपीने दुधाची खरवड खाल्लेली असतेच, कारण ती न खाल्लेले मूल महाराष्ट्रात जन्मास यावयाचे आहे. त्यामुळे जाबजबाब न घेताच गुन्हा शाबीत होतो. एकदा गुन्हेगार सापडला म्हणजे मंडळी भिजण्यास राजी होतात. त्याच वेळी मांडववाला कंत्राटदार, ज्याने चार बांबू कमी लावलेले असतात, तो 'लग्नात पाऊस म्हणजे लक्ष्मी' असे मोठ्याने सांगत हिंडतो, आणि लक्ष्मीचे नाव निघाल्यावर त्याच्या बिलातून पैसे कापण्याचे धैर्य कोणालाही होत नाही.

निमंत्रणपत्रिका हे तर अपघातांचे आगरच. पन्नास नावांच्या त्या दस्तऐवजात एकावन्नावे नाव राहून जाते आणि ते नेमके त्या घरचे असते जेथून यंदा सर्वांत मोठा आहेर यावयाचा असतो. माझ्या पाहण्यातील एका पत्रिकेत मुलीच्या थोरल्या चुलत्यांच्या नावामागे 'श्री.' ऐवजी 'कै.' पडले. आठशे प्रती वाटून झाल्यावर ते उघडकीस आले. मुद्रकाचे म्हणणे असे की, यादीत वरची तीन नावे 'कै.' होती, तेव्हा ओघाने झाले. घरात एकच हलकल्लोळ उडाला. कोणी नवी पत्रिका छापा म्हणाले, कोणी घरोघर जाऊन खुलासा करा म्हणाले. चुलतेच शांत होते. ते निवृत्त सबरजिस्ट्रार. कागदावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय आहे यांची जन्मभर गाठ न पडलेला गृहस्थ. लग्नाच्या दिवशी ते जरीचा फेटा बांधून प्रवेशद्वाराशीच उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर स्वतःच्या हाताने अत्तर लावू लागले. आदल्या दिवशी सांत्वनाची वाक्ये जुळवून आलेले कित्येक जण ती तशीच गिळून आत गेले. दोघांनी मात्र गोंधळून त्यांनाच 'दुःखद' म्हणून नमस्कार केला, आणि त्यांनाही त्यांनी अत्तर लावले.

मानपानाविषयी लिहावयाचे तर ग्रंथ होईल. पूर्वी लग्न ठरले म्हणजे उभयपक्षी याद्या होत. हळदकुंकवाची बोटे ओढलेल्या कागदावर, कोणाला शालू, कोणाला उपरणे, वऱ्हाडाचा जाण्यायेण्याचा खर्च कोणाकडे, जानवशाला गाद्या किती, अशी कलमवार नोंद होऊन खाली वडीलधाऱ्यांच्या सह्या पडत. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने त्यातील बऱ्याच कलमांना गुन्ह्याचे स्वरूप दिल्यापासून कागद नाहीसा झाला आणि त्याच्या जागी 'आमची काही म्हणजे काही अपेक्षा नाही' हे वाक्य आले. जुनी यादी निदान वाचता तरी येत असे.

या क्षेत्रातील खरी संस्था म्हणजे रुसवा. रुसणे हा अपघात नसून अधिकार होता. जावयाने पहिला घास हातात धरून बसावे, सासऱ्याने अंगठी अथवा सायकल कबूल करावी आणि मग घास तोंडात जावा, हा क्रम मोडीत निघाला तरी रुसण्याचा हक्क वराच्या आत्याच्या यजमानांकडे अबाधित राहिला आहे. या हक्काला एकच मर्यादा आहे: रुसलेले कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे. एका लग्नात असे एक आतोबा, नारळ देताना आपला क्रम चुकला म्हणून, कार्यालयाबाहेरच्या कडुनिंबाखाली पाठ फिरवून बसले. आत गडबड होती. कोणी फिरकले नाही. अर्ध्या तासाने त्यांनी खुर्ची दाराच्या समोर आणली. तरी कोणी विचारीना. उलट एका मुलाने ते पाहुण्यांची वाहने मोजण्यास बसले आहेत असे समजून वाहनतळ कोठे आहे याची त्यांच्याकडे चौकशी केली. शेवटी त्यांनी पत्नीस निरोप पाठवला की, मी रुसलो आहे असे आत कळव. तोपर्यंत दुसरी पंगत उठत होती. वधूची आई बाहेर आली आणि रुसव्याचा शब्दही न काढता, जणू सारे ठरल्याप्रमाणेच चालले आहे अशा स्वरात म्हणाली, "भावोजी, तुमचं पान विहीणबाईंच्या पंगतीत मांडलंय, मुद्दाम. गर्दीत कसं बसवायचं तुम्हाला?" आतोबा उठले, आणि पुढे ते मांडवात सर्वांना सांगत होते की माणसे ओळखावीत ती या घराने.

त्याच बाईंच्या घरचे दुसरे कार्य मी पाहिले तेव्हा अक्षतान्यायाचे संपूर्ण शास्त्र माझ्यासमोर उलगडले. पंगतींचे लग्न होते. मसालेभात, अळूचे फदफदे, जिलबी, मठ्ठा असा रीतसर बेत. पहिल्या पंगतीत मुलाच्या मित्रमंडळींनी जिलबीची पैज लावली. पैजेचे जिलब्यांचे आकडे ओरडून सांगितले जात होते आणि यजमान मंडळी कौतुकाने हसत होती. मुदपाकखान्यात मात्र आचारी हसत नव्हता. दुसऱ्या पंगतीच्या मध्यावर त्याने वाढपाची व्यवस्था पाहणाऱ्या अप्पांच्या कानाशी लागून सांगितले की, जिलबी अर्धी पंगत पुरेल, पीठ नव्याने भिजवले तर ते आंबून येईपर्यंत सकाळ होईल. आणि विहिणीची पंगत अजून बाकी होती.

अप्पा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. दुष्काळाच्या साली अपुऱ्या धान्याचे वाटप केलेल्या माणसाची मुद्रा अशा प्रसंगी बदलत नाही. त्यांनी प्रथम जिलबीची मोठी परात आत नेऊन तीच जिलबी लहान ताटात मांडवली, कारण भरलेले लहान ताट अर्ध्या परातीपेक्षा श्रीमंत दिसते. मग जिलबी वाढणारा सुस्त पोरगा काढून तेथे आपला पुतण्या तैनात केला. हा पुतण्या 'जिलबी, जिलबी, घ्या ना, लाजू नका' असे एका दमात म्हणत इतक्या वेगाने पानांवरून जाई की पाहुण्याने 'वाढ' म्हणेपर्यंत तो चौथ्या पानाशी असे. आग्रह झाला होता, जिलबी मात्र वाचली होती. जिलबीच्या आधी मठ्ठ्याच्या दोन फेऱ्या सोडल्या. गरम भजी मधेच अवतरली. आणि 'नवरा-नवरीने नावं घ्यावीत, त्याशिवाय कोणी हात धुवायचा नाही' अशी आज्ञा सुटली. नावे घेण्यात, लाजण्यात, विसरण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यात वीस मिनिटे गेली. आणि तेवढ्या अवधीत मागे रवा भाजला जात होता.

विहिणीच्या पंगतीला केशर आणि केळे घातलेला, तूप सुटलेला शिरा आला. वाढणारी घरची सून. तिच्या मागे वधूची आई. चांदीच्या वाटीतून पहिली मूद स्वतः विहीणबाईंच्या पानात घालून ती सहज म्हणाली, "जिलबी काय, कार्यालयातला आचारी करतो. हा घरचा आहे." विहीणबाईंनी दोनदा मागून घेतला. जिलबीचा विषयही निघाला नाही. पुढे काही वर्षांनी त्याच विहीणबाईंच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरताना मी बैठकीस होतो. तेथे त्यांनी नव्या व्याह्यांना गंभीरपणे सांगितले, "आमची बाकी काही अट नाही, पण आमच्याकडे विहिणीच्या पंगतीला केशरी शिरा लागतो. जुनी रीत आहे." अप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी फक्त मान डोलावली, आणि 'लिहून घ्या' म्हणाले. तेव्हापासून कोणत्याही घरची जुनी रीत कानावर पडली की त्या दिवशी काय बरे संपले असेल, असा प्रश्न माझ्या मनात येतो. बूट लपवण्याची चाल तरी १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटानंतर आपल्या मांडवांत बोकाळली एवढे ठाऊक आहे. आमची मूळची कानपिळी, जीत वधूचा भाऊ वराचा कान पिळून पोषाख उपटतो, तिच्यामागे कोणती टंचाई होती ते शोधणे कठीण.

कायद्याच्या दृष्टीने मात्र या सर्व गोष्टींना काडीइतके महत्त्व नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सांगतो की, ज्या विधीत सप्तपदी आहे त्यात सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. मुहूर्त, बँड, जिलबी, नारळाचा क्रम, यांतले एकही त्या कलमात नाही. आणि मौज अशी की हे सातवे पाऊल पडते तेव्हा मंडपात कोणीच नसते. अक्षता पडताच मंडळी पानावर धावलेली असतात. होमाच्या धुराने डोळे पुशीत बसलेली एक मावशी, झोपलेली करवली आणि 'पाचवं पाऊल परत टाका, प्रकाश बरोबर नव्हता' म्हणणारा छायाचित्रकार एवढ्यांच्याच साक्षीने तो विवाह बंधनकारक होतो. छायाचित्रकाराच्या आग्रहाने पाचवे पाऊल दोनदा पडले तर सातवे म्हणून नेमके कोणते धरावे, यावर एखाद्या उच्च न्यायालयाने निर्णय देण्याची वेळ फार दूर नसावी.

सरकारने एकदा हा सारा पसारा मोजून दाखवला होता. एप्रिल २०२१ मध्ये, साथीच्या दिवसांत, महाराष्ट्र शासनाचा हुकूम निघाला: लग्न एकाच सभागृहात, दोन तासांच्या आत, पंचवीस माणसांत, मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. दिवस वाईट होते आणि त्यांची थट्टा करण्याची इच्छा नाही. परंतु ज्या घरांत साडी-चोळीच्या मापावरून दोन-दोन महिने खल चाले त्याच घरांतील कार्ये पावणेदोन तासांत आटोपली. बाकीचे गणगोत मोबाईलच्या पडद्यावर होते. नागपूरच्या आजींनी पडद्यावर खऱ्याच अक्षता टाकल्या आणि त्या त्यांच्याच मांडीवर पडल्या. नातवाने हाताच्या अंगठ्याचे चित्र पाठवले. आतोबांचा रुसवा मात्र त्या व्यवस्थेत पार वाया गेला. ते पडदा बंद करून बसले, आणि इकडे सर्वांनी समजून घेतले की त्यांच्याकडची वीज गेली.

कार्य उरकल्यावर कार्यालयाच्या व्यवस्थापकासमोर भांड्यांची मोजदाद होते, ती या मालिकेतली शेवटची चकमक. आमच्या ओळखीच्या एका घरच्या लग्नात व्यवस्थापकाने सहा वाट्या कमी म्हणून पैसे कापले, आणि दुसऱ्या दिवशी घरी रुखवताचे खोके उघडले तर त्यात कार्यालयाचा शिक्का असलेल्या वाट्या निघाल्या. रुखवतातल्या कोऱ्या वाट्या, ज्यांवर 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम' अशी अक्षरे आणि खाली मामांचे संपूर्ण नाव घातलेले होते, त्या कार्यालयाच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. दंड भरून झालेला. परत कोण जाणार? दोन्हीकडून आपापल्या जागी वाट्या वापरात आल्या. वर्षभराने मामा दुसऱ्याच कोणाच्या लग्नासाठी त्या कार्यालयात जेवावयास बसले असता त्यांच्या पानापुढे मठ्ठ्याची वाटी आली. त्यांनी ती रिकामी केली, उलटी करून नाव वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि शेजारच्या अपरिचित गृहस्थास वाटी दाखवीत म्हणाले, "आमचं नाव आहे इथं. कार्यालयाला देणगी दिलेली दिसते मी." मग वाढप्याला हाक मारून त्यांनी त्याच वाटीत आणखी मठ्ठा घेतला.